खेडं नसलेल्या खेड्याची शाळा

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला तीन महिने राहून आलो. एका रविवारी जावयांनी सरोवराकाठच्या रस्त्याने फिरायला नेलं. वाटेत ‘व्हिलेज ऑफ विनेटका’ अशी पाटी दिसली. म्हटलं, चला, अमेरिकेतलं एखादं खेडं तरी बघायला मिळेल. बघतो तर काय, नुसते बंगलेच बंगले! ना गोठा, ना पार, ना कोंबडी. वर मुलगी सांगते, इथली सरकारी शाळा जगात नावाजलेली आहे आणि त्या शाळांपायीच इथल्या घरांच्या किमती एवढ्या चढल्यात. आमच्याकडे घरकाम करणारी बाईसुद्धा पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालते. सरकारी शाळेसाठी कुणी महागडं घर घेतं, हे गणित काही सुटेना. आणि जाता जाता आणखी एक. दुसरीतल्या नातवाच्या प्रगतिपुस्तकात ना गुण, ना क्रमांक. मग पोरगं हुशार आहे की ढ, हे आजोबांनी ओळखायचं कसं?

— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रात तीन गाठी आहेत. पाटीवरचं ‘व्हिलेज’, शाळेमागचं ‘सरकारी’ आणि नातवाचा क्रमांक. पहिली गाठ चुटकीसरशी सुटते. उरलेल्या दोन एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्या सोडवायला थोडं मागे जावं लागेल.

आधी पाटी. इलिनॉय राज्यात ‘सिटी’ आणि ‘व्हिलेज’ हा फरक लोकसंख्येचा नाही, कारभाराच्या पद्धतीचा आहे. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ कारभार बघत असेल तर ती व्हिलेज. शिकागोजवळच्या ओक पार्कची वस्ती पन्नास हजारांवर आहे, शाऊमबर्गची सत्तर हजारांवर, तरी दोन्ही आजही व्हिलेजच. ग्रामपंचायतीची नगरपरिषद, नगरपरिषदेची महानगरपालिका अशी बढती आपल्या सवयीची असते. तिकडे गाव आयुष्यभर ‘गाव’ म्हणूनच मिरवू शकतं. विनेटकाची वस्ती जेमतेम साडेबारा हजार, पण नांगराशी तिचा संबंध पूर्वीही फारसा नव्हता. चार्ल्स पेक आणि वॉल्टर गर्नी या दोघांनी १८५४ साली इथल्या जमिनीचे प्लॉट पाडले. यातले गर्नी हे शिकागो–मिलवॉकी रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. म्हणजे रुळांचा मालक आणि प्लॉटचा मालक एकच! स्टेशनाच्या आधाराने वाढलेल्या डोंबिवलीकराला हा मामला वेगळा समजावून सांगायला नको. विनेटका जन्मतःच उपनगर होतं.

आता मजा बघा. विनेटका ‘व्हिलेज’ म्हणून कायद्याच्या कागदावर आलं १८६९ साली, तेव्हा वस्ती होती साडेचारशेच्या आसपास. आणि पहिली सार्वजनिक शाळा उभी राहिली होती १८५९ साली. गावाला कारभारी मिळण्याआधी दहा वर्षं शाळा होती. तुमच्या दुसऱ्या गाठीचं एक टोक इथे सापडतं.

तुम्ही तिला ‘सरकारी शाळा’ म्हणालात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी येतात, मुंबईहून येणारी परिपत्रकं येतात. तिकडची शाळा राज्याच्या कायद्याखालीच चालते, पण तिचा रोजचा मालक राज्य सरकार नव्हे. गंमत म्हणजे व्हिलेजही नव्हे. तो असतो ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, शाळांपुरतीच वेगळी स्थानिक संस्था. तिची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, कर वेगळा. इलिनॉयमध्ये अशा आठशेहून जास्त संस्था आहेत. विनेटकाच्या संस्थेचा क्रमांक ३६. बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या शाळा ती चालवते. पुढचं हायस्कूल, न्यू ट्रायर, शेजारच्या गावांसह सामाईक आहे आणि त्याची संस्था पुन्हा निराळी. या संस्थेच्या मंडळावर निवडून आलेले लोक बिनपगारी काम करतात. हेच मंडळ अधीक्षक नेमतं, शिक्षक नेमतं, कर किती लावायचा ते ठरवतं.

या व्यवस्थेचं मूळ अमेरिकेच्या जमीनमोजणीत आहे. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडच्या जमिनीचे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाचे ३६ तुकडे, आणि त्यातला सोळावा तुकडा शाळेसाठी राखीव. गावं वसायच्या आत शाळेची जमीन नकाशावर नोंदलेली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती कवडीमोलाने विकली गेली. शिकागोने तर ऐन शहराच्या पोटातली आपली शाळेची जमीन १८३३ साली जवळपास सगळी फुंकून टाकली, चाळीस हजार डॉलरसुद्धा आले नाहीत! जमीन गेली, पण शाळा हे स्थानिक लोकांचं काम ही कल्पना टिकली. १८५५ साली इलिनॉयने मोफत शाळांसाठी कर बसवण्याचा कायदा केला, आणि शाळेचा खर्च घर-जमिनीवरच्या करातून भागू लागला.

तुमच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून कुठल्या शाळेला किती आला, हे तुम्हाआम्हाला दिसत नाही. तुमच्या मुलीच्या बिलात मात्र प्रत्येक स्थानिक संस्थेची वेगळी ओळ असेल, आणि शाळांच्या ओळी बहुधा सर्वांत जड असतील. शाळा चांगली झाली की घराला भाव येतो, घराला भाव आला की करपात्र संपत्ती वाढते, त्यातून शाळा आणखी चांगली होते. ज्याच्या घरात शिकायच्या वयाचं मूल नाही, त्यालाही शाळा घसरू देणं परवडत नाही. न सुटलेलं तुमचं गणित ते हेच. त्याची दुसरी बाजूही आहे. ती शेवटाकडे येईल.

पण नुसत्या पैशाने शाळेचं नाव जगात होत नाही. शिकागोभोवती श्रीमंत उपनगरं काही एकटं विनेटकाच नव्हतं. विनेटकाचं नाव झालं ते एका माणसामुळे. १९१९ साली मंडळाने अधीक्षक म्हणून तिशीही न गाठलेल्या कार्लटन वॉशबर्न यांना नेमलं. शिकागोत वाढलेला डॉक्टरचा मुलगा. आई बालशिक्षणावर लिहिणारी. कॅलिफोर्नियात शिक्षक झाल्यावर ते सॅन फ्रान्सिस्कोच्या अध्यापक विद्यालयात फ्रेडरिक बर्क यांच्या हाताखाली काम करू लागले. बर्क यांचा एका गोष्टीवर राग होता. कैद्यांना एकामागे एक खेटून, पाऊल जुळवून चालवतात, तसं शाळा चाळीस मुलांना एकाच वेगाने हाकते. पुढचा अडकतो, मागचा फरपटतो. बर्क यांनी मुलांना स्वतःहून शिकता येईल असे धडे लिहून पाहिले आणि जो तो आपापल्या चालीने पुढे जाऊ लागला. वॉशबर्न यांनी हा विचार एका अध्यापक विद्यालयातून उचलून गावच्या सगळ्या शाळांत आणला. ‘विनेटका योजना’ म्हणून शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत जी नोंद असते, ती हीच.

योजना थोडक्यात अशी. शाळेचा दिवस दोन प्रकारच्या कामांत वाटलेला. वाचन, लेखन, शुद्धलेखन, गणित या ‘सर्वांना यायलाच हव्यात’ अशा गोष्टी एका बाजूला. त्यांच्या बारीक पायऱ्या पाडलेल्या, प्रत्येक पायरीसाठी मुलाला एकट्याने सोडवता येतील असे स्वाध्याय, उत्तरंही सोबत, म्हणजे तपासायचं त्यानेच. तयारी झाली असं वाटलं की आधी स्वतःची चाचणी घ्यायची. चुकलं तर कोणत्या पानावर परत जायचं तेही लिहिलेलं. मग शिक्षकांची चाचणी, आणि तिथे एकच हिशेब, सगळं बरोबर आलं पाहिजे. शंभरापैकी पस्तीस मिळवून सुटका नाही. आलं नाही तर रागावणंही नाही, पुन्हा सराव, पुन्हा चाचणी. पायरी पक्की झाली की मुलाच्या कार्डावर त्या तारखेची नोंद. एकच मूल वाचनात पाचवीच्या पायरीवर आणि गणितात तिसरीच्या पायरीवर असू शके, आणि बसे मात्र आपल्याच वयाच्या मुलांत.

दुसऱ्या बाजूला गटाने करायची कामं : नाटक, संगीत, चित्रकला, हस्तकला, विद्यार्थ्यांची सभा. मोठ्या मुलांच्या स्कोकी शाळेत तर मुलंच छोट्या ‘कंपन्या’ काढत, पतपेढी चालवत. इथे पायऱ्या नाहीत, चाचण्या नाहीत. एकट्याने शिकायचं ते एकट्याने, माणसांत शिकायचं ते माणसांत, अशी सरळ वाटणी.

आता इथे आपली एक खास मराठी गफलत होऊ शकते. नापास करत नाहीत म्हटलं की आपल्या तोंडी लगेच शब्द येतो, ‘ढकलपास’. पण वॉशबर्न यांच्या योजनेत ढकलणं नव्हतंच. आपल्या वर्गात वेळ ठरलेला असतो आणि शिकणं कमी-जास्त होतं. जूनमध्ये अपूर्णांक सुरू, जुलैत संपले, कुणाला आले, कुणाला नाहीत, धडा पुढे. विनेटकाने हे उलटं केलं. शिकणं ठरलेलं आणि वेळ सैल. कुणाला तीन आठवडे, कुणाला सात. या गावाने शिक्षणाच्या इतिहासाला काय दिलं असं विचारलंत, तर मी एवढं एकच वाक्य सांगेन, बाकी सारा तपशील.

आणि ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. पंतोजींच्या जुन्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. धुळाक्षरं झाली की बाराखडी, बाराखडी झाली की अंक, मग पाढे, मग मोडी. एकाच ओसरीवर एक पोर अक्षरं गिरवतंय, दुसरं निमकी, म्हणजे अर्ध्याचे पाढे, म्हणतंय, तिसरं खत वाचतंय. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि शाळेचा उंबरठा कुणी ओलांडायचा हे जात ठरवत होती. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण पोराची पायरी पोराच्या तयारीवर ठरे, एवढं खरं. वयानुसार वर्ग, वर्गाला एक शिक्षक, वर्षाला एक परीक्षा हा साचा अमेरिकेतही तसा नवाच. बॉस्टनची क्विन्सी शाळा १८४८ साली त्या घडणीवर निघाली आणि तिथून तो पसरला. सत्तर वर्षांनी विनेटकाने तो उसवायला घेतला.

वॉशबर्न १९४३ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं अधीक्षक राहिले. त्यांच्या कारकिर्दीतली डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे १९४० साली उघडलेली क्रो आयलंड शाळा. ‘कावळ्यांचं बेट’ हे नाव तिला जागेवरून मिळालं. जगप्रसिद्ध फिनिश वास्तुकार एलिएल सारिनेन, त्यांचा मुलगा एरो आणि शिकागोतली पर्किन्स, व्हीलर आणि विल ही तरुण मंडळी यांनी मिळून ती बांधली. रेघा मारण्याआधी लॉरेन्स पर्किन्स वर्गात जाऊन बसले आणि मुलं-शिक्षक दिवसभर काय करतात ते बघत राहिले. विनेटकाच्या शाळांतल्या फ्रान्सेस प्रेसलर यांनी इमारत कशी वाटली पाहिजे, हे पत्र लिहून वास्तुकारांना कळवलं. त्यातून एकमजली, विटांची, घरासारखी शाळा झाली. प्रत्येक वर्ग इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा. एका अंगाला बसायची जागा, दुसऱ्या अंगाला हातकामाची. प्रत्येक वर्गाला स्वतःचं स्वच्छतागृह आणि बाहेर उघडणारं स्वतःचं अंगण. छत बुटकं, दिव्याची बटणं मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर. सभागृहातल्या खुर्च्याही पुढे लहान, मागे मोठ्या. युद्धानंतर अमेरिकेत ज्या हजारो बैठ्या शाळा बांधल्या गेल्या, त्यांनी हिचा कित्ता गिरवला. १९९० साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि आजही तिथे रोज घंटा वाजते.

या गोष्टीत भारतही येतो. वॉशबर्न १९३०-३१ च्या सुमाराला जगाच्या फेरीवर निघाले, देशोदेशींच्या विचारवंतांना शिक्षणाचं ध्येय काय, असं विचारत. या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली निघालं. त्यांनी गांधीजींना विचारलं होतं की स्वराज्य मिळाल्यावर तुमच्या शिक्षणाचं ध्येय काय असेल? गांधीजींच्या उत्तराचा आशय असा, की चारित्र्य घडवणं. धैर्य आणि मोठ्या कामात स्वतःला विसरण्याची ताकद ही अक्षरज्ञानापेक्षा मोलाची, पुस्तकी विद्या हे तिथवर पोचायचं साधन. पायऱ्या मोजणाऱ्या माणसाला मिळालेलं हे उत्तर मला फार मार्मिक वाटतं.

कारण त्या मोजण्यात धोकाही होता. विल्यम किलपॅट्रिक या नावाजलेल्या शिक्षणतज्ज्ञांनी तेव्हाच टीका केली की ज्ञानाचे असे बारीक तुकडे करून मुलाला एकेक गिळायला दिले, तर ते एकमेकांना कसे चिकटणार? आणि एक ठेच तर मोठीच होती. १९३१ साली मेबल मॉर्फेट आणि वॉशबर्न यांनी विनेटकाच्या मुलांवरून निष्कर्ष काढला की बुद्धिचाचणीने मोजलेलं मानसिक वय साडेसहा होईपर्यंत वाचन शिकवणं थांबवलेलं बरं. एका छोट्या, सुखवस्तू गावातली ही पाहणी देशभर नियमासारखी वापरली गेली. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवलं की मूल वाचायला कधी तयार होतं, हे शिकवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतं. मुलाच्या वेगाला मान द्या म्हणणाऱ्यांच्याच आकड्याने किती मुलांना थांबवून ठेवलं!

मूळ विचार मात्र मेला नाही. शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली ‘पूर्ण प्रभुत्व येईपर्यंत शिकणं’ ही मांडणी केली, तिचा गाभाही हाच. तुमच्या नातवाला ठाऊक असेल त्या ऑनलाइन खान अकादमीचे सलमान खान यांनी तर आपल्या पुस्तकात वॉशबर्न यांची आठवण काढली आहे. शंभर वर्षांपूर्वी छापील पानांवर जे चालायचं, ते आता पडद्यावर चालतं.

आता ती राहिलेली बाजू. शाळा घराच्या करावर उभी, तर ज्याला ते घर घेता येत नाही त्याचं काय? २५ जुलै १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग विनेटकाच्या गावमैदानात बोलायला उभे राहिले, सुमारे दहा हजार लोकांसमोर. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या या उपनगरांत कृष्णवर्णीयांना घरं विकली जात नाहीत, याविरुद्ध मोहीम चालू होती. शाळेच्या फाटकावर बंदीची पाटी नव्हती, तशी गरजही नव्हती. घरांच्या व्यवहारातच फाटक लागलेलं होतं. करपात्र संपत्तीवर शाळा चालवल्याने गरीब वस्त्यांवर अन्याय होतो, ही तक्रार टेक्ससमधून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली गेली. लेखक जोनाथन कोझल यांनी १९९१ च्या पुस्तकात न्यू ट्रायर हायस्कूल आणि शिकागो शहरातल्या शाळा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. इलिनॉयने २०१७ साली गरजेच्या हिशेबाने राज्याचा पैसा वाटायला सुरुवात केली, पण दरी अजून बुजलेली नाही.

आपल्याकडे दुखणं उलट्या अंगाचं आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या हाती सल्ला आहे, सही आहे, तिजोरीची किल्ली नाही. विनेटकात किल्लीही गावाकडेच, म्हणून तिथे एक तरुण अधीक्षक चोवीस वर्षं प्रयोग करू शकला. आणि किल्ली गावाकडे म्हणूनच शेजारच्या गरीब वस्तीला त्या तिजोरीतली दमडी मिळाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच किल्लीच्या.

राहिला तुमचा नातू. हुशार की ढ, हे त्याच्या प्रगतिपुस्तकात सापडणार नाही, कारण क्रमांक सांगतो तो शेजारच्या पोरांच्या तुलनेचा हिशेब. वर्गातलं एखादं हुशार पोर गाव सोडून गेलं की तुमचा नातू काही न शिकता एका क्रमांकाने वर येईल. त्यापेक्षा कागद पुन्हा एकदा नीट वाचा. ‘दोन अंकी बेरीज स्वतः करतो’, ‘वाचताना अजून मदत लागते’ अशा धर्तीच्या ओळी असतील. पंतोजी तुमच्या आजोबांच्या वडिलांना जे तोंडी सांगायचे, तेच तिथे लिहिलेलं आहे : पोराचे पंचवीसपर्यंत पाढे झाले, निमकी अडली आहे, दिवाळीपर्यंत करून घेतो.